सात वारांच्या सात चड्ड्या

“चिरंजीव कॅम्पला चाललेत,” असा पुण्याहून वन्संचा फोन आला, तेव्हा मी म्हटलं, त्यात काय एवढं? रिक्षा करून देते, दहा मिनिटांत पोचतील. आम्हा बेळगावकरांना कॅम्प एकच ठाऊक. कॅन्टोन्मेंटातला, रुंद रस्त्यांचा, जुन्या बंगल्यांचा. पलीकडे क्षणभर काही आवाज आला नाही. मग वन्सं एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, “वहिनी, समर कॅम्प. दांडेलीला. निवासी. पाच दिवस.” आणि सोयरीक जमल्याची बातमी द्यावी तसा आवाज खाली आणून, “पॅकिंग सुरू केलंय.”

तेव्हा मार्चचा दुसरा आठवडा चालू होता. कॅम्प मेमध्ये.

हसू नका हो. घरोघरी हेच चाललंय. तुमच्या नात्यातल्या कुणाला तरी दहा वर्षांचं पोर असेलच, आणि ते यंदा कुठल्या तरी जंगलात ‘स्वावलंबन’ शिकायला जात असेलच. फोन करून बघा. पोराचा आवाज ऐकू येणार नाही, मागे चेन लावल्या-काढल्याचा आवाज तेवढा येईल.

आता हे दांडेलीचं प्रकरणही एकदा सांगून टाकते. दांडेली म्हणजे कागदाच्या गिरणीचं गाव. लोक दांडेलीचं जंगल, दांडेलीचं राफ्टिंग, दांडेलीचं धरण म्हणून जे फोटो टाकतात, त्यातलं बहुतेक सगळं शेजारच्या जोयडा तालुक्यात आहे. राफ्टिंग होतं ते गणेशगुडीला. सुपा धरण तिथलंच. अणशीचं रान, सिंथेरीचा कातळ, उळवीला चन्नबसवेश्वरांची समाधी, कॅसलरॉकचं स्टेशन, सगळं जोयड्याचं. खुद्द काळी नदी उगम पावते ती जोयड्यातल्या डिग्गी गावाजवळ, आणि १८४ किलोमीटर वाहत जाऊन कारवारला समुद्राला मिळते. पण नाव दांडेलीचं! राबावं थोरलीनं आणि वाखाणावं धाकटीला, तसला प्रकार. वन्संचा कॅम्पही गणेशगुडीच्या बाजूला, म्हणजे जोयड्यातच होता. हे मी त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, “असेल. पण स्टिकरवर आता दांडेली छापून झालंय.”

स्टिकर. थांबा, तिथे येतेच.

कॅम्पवाल्यांनी धाडलेली यादी मी या डोळ्यांनी पाहिली आहे. एक पान. चौदा वस्तू. पूर्ण बाह्यांचे शर्ट, पायघोळ विजारी, मोजे, बूट, टोपी, बॅटरी, पाण्याची बाटली, ताट-वाटी-पेला, पांघरूण, पंचा, नेहमीची औषधं, असलंच. खाली ठळक अक्षरांत तीन गोष्टी आणायच्या नाहीत म्हणून लिहिलेल्या: मोबाइल, खाऊ, वासाचे स्प्रे. संपलं. पूर्वीच्या बाईनं ही यादी वाचून कपाट उघडलं असतं आणि भाताला शिट्टी व्हायच्या आत मोकळी झाली असती. पण हल्ली यादी घरात येत नाही. ती आधी ग्रुपवर जाते.

ग्रुपवर एकीनं विचारलं, मोजे किती? दुसरी म्हणाली, दिवसाला दोन जोड. तिसरी म्हणाली, आमच्याचा पाय ओला झाला की तो शिंकतो, म्हणून तीन. चौथीनं शब्द न बोलता फोटो टाकला: मोज्यांची वेगळी थैली, त्यावर मोज्याचं चित्र. झालं! त्या रात्री पुण्यातल्या निदान वीस घरांतून मोज्यांच्या थैल्यांची ऑर्डर गेली असणार. चौदाच्या एकवीस वस्तू झाल्या, एकवीसच्या चाळीस, आणि एप्रिल लागेपर्यंत त्रेसष्ट. डोक्याला बांधायचा दिवा आला. दिव्याचे सेल आले. सेल ठेवायची डबी आली. गळ्यात अडकवायचा पंखा आला. ओला टॉवेल झटकन वाळावा म्हणून खास कापडाचा टॉवेल आला, आणि तो अंगाला नीट लागत नाही म्हणून बरोबर साधाही आला.

त्यात एका गरीब बाईनं विचारलं म्हणे, “जुनी विजार चालेल का? खेळून खराबच होणार आहे.” ग्रुपवर दोन तास कुणी काही बोललं नाही. नंतर कुणीतरी तिला खासगीत समजावलं.

आणि पॅकिंगची तालीम! वन्संनी ती दोनदा केली. एकदा मोबाइलवर वेळ लावून, एकदा शूटिंग करून. बॅग भरतानाचे व्हिडिओ असतात, ठाऊक आहे का? हात तेवढे दिसतात, नखं रंगवलेली, मागे सतार वाजते, आणि एकेक चड्डी सुरळी होऊन कप्प्यात निजते. लाखो लोक बघतात. आमच्या सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, चड्ड्या तरी आत ठेवा गं, चारचौघांत कशाला.

तर मेच्या पहिल्या आठवड्यात वन्सं, चिरंजीव आणि बॅग, असे तिघे आमच्याकडे मुक्कामाला उतरले. पुण्याहून थेट जाण्याऐवजी बेळगावला रात्र काढून पहाटे निघायचं ठरलं होतं. चिरंजीव टुणकन उडी मारून उतरले. बॅग उतरवायला आमचे हे आणि शेजारचे सुभेदारसाहेब लागले.

सुभेदारसाहेब मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले. १९२२ पासून रेजिमेंटचं केंद्र आमच्या बेळगावात आहे, त्यामुळे प्रत्येक गल्लीत एखादे सुभेदारसाहेब असतातच. त्यांनी बॅग जमिनीवर टेकवली, मिशीवरून बोट फिरवलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं, “पोस्टिंग किती वर्षांचं?”

जेवणं झाल्यावर बॅग उघडण्याचा सोहळा झाला. मी बरीच रुखवतं पाहिली आहेत, पण इतक्या कौतुकानं मांडलेलं नाही. आत सात चौकोनी कापडी डबे. त्यांना पॅकिंग क्यूब म्हणतात. मला तो आपला चेन लावलेला मिसळणाचा डबाच वाटला, मोहरीच्या जागी बनियन. प्रत्येकावर वार छापलेला, सोमवार ते रविवार. प्रत्येकात त्या वाराचा शर्ट, त्या वाराचे मोजे, त्या वाराची चड्डी.

मी म्हटलं, “वन्सं, कॅम्प सोमवार ते शुक्रवार ना? मग शनिवार-रविवार कशाला?”

“इमर्जन्सी,” वन्सं म्हणाल्या.

आणि आता स्टिकर. चड्डीवर, मोज्यावर, बाटलीवर, बाटलीच्या बुचावर, दात घासायच्या ब्रशवर, साबणाच्या डबीवर आणि, खोटं सांगत असेन तर जीभ झडो, साबणावरसुद्धा. स्टिकरवर पोराचं नाव, आईचा फोन, वाघाचं चित्र, दांडेली, आणि रक्तगट. चड्डीवर रक्तगट! सुभेदारसाहेब म्हणाले, आमच्या गळ्यातल्या बिल्ल्यावर असतो तो, पण तिथे समोरून गोळी यायची शक्यता असते.

ही नावं डकवायची हौस मूळ विलायतेतली. बोर्डिंगातल्या पोरांच्या कपड्यांवर शिवायच्या विणीव नावपट्ट्या कॉव्हेंट्रीच्या जे. अँड जे. कॅश कंपनीनं पिढ्यान्‌पिढ्या पुरवल्या. आमची एक मावसबहीण न्यू जर्सीत असते. ती सांगते, तिकडे पोरं उन्हाळ्यात आठ-आठ आठवडे कॅम्पला जातात, म्हणून ट्रंकाच भरतात आणि नावं इस्त्रीनं कपड्यात चिकटवतात. खाऊ पाठवायला तिथेही बंदी. मग आया टेनिसच्या चेंडूला चीर देऊन आत चॉकलेटच्या गोळ्या भरतात. ऐकून वन्संनी “शी! पोरांना काय शिकवण देतात” असं तोंड केलं. मी काही बोलले नाही.

गंमत म्हणजे या सगळ्या कॅम्पांचा जो मूळपुरुष मानतात, तो अमेरिकेतल्या कनेटिकटमधला शाळामास्तर, फ्रेडरिक गन. १८६१ साली तो आपल्या शाळेतल्या पोरांना घेऊन समुद्राकाठी राहायला गेला. कसा गेला? सुमारे ४० मैल चालवत! स्वतःचं सामान घेऊन ४० मैल चालायचं म्हटल्यावर बॅगेत शनिवार-रविवार भरायची इच्छा आपोआप मरते. पुढे १९०७ साली इंग्लंडात बेडन-पॉवेलनं ब्राउनसी बेटावर वीसेक पोरांचा तळ टाकला आणि स्काउट जन्मले. आपल्याकडे स्काउटांच्या घोषवाक्याचं ‘तयार’ झालं. तयार म्हणजे काय, ते त्या साहेबानं आमच्या वन्संकडून शिकावं.

आणि आपल्याकडे शिबिरं नव्हती का? राष्ट्र सेवा दल १९४१ साली एस. एम. जोशींच्या नेतृत्वाखाली उभं राहिलं, त्याच्या शिबिरांना गेलेली माणसं आमच्या माहेरी वाड्यात दोन होती. त्यांचं सामान म्हणजे वळकटी. सतरंजीत चादर, चादरीत दोन कपडे, कपड्यांत ताट-वाटी, वर सुतळी. शिबिरात ती सोडायची की तोच बिछाना, उशाला उरलेले कपडे. बाबा आमट्यांच्या सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीला मेच्या उन्हात पोरं-पोरी जायच्या, अजून जातात, हातात कुदळ-फावडं घ्यायला. तिकडून आलेल्या आमच्या आत्तेभावाच्या तळहातांना फोड होते आणि पिशवीत एकच शर्ट होता. दुसरा कुणाला तरी देऊन आला होता. आत्या त्यावर महिनाभर बोलत होती, ते शर्ट नवा होता म्हणून.

मी हे सांगत होते तेव्हा सुभेदारसाहेब बॅगेत डोकावत होते. मध्येच त्यांनी विचारलं, “लांब विजारी कुठायत?”

वन्संनी सोमवार उघडला, मंगळवार उघडला. सातही वारांत गुडघ्याच्या वर संपणाऱ्या चड्ड्या. ‘ॲडव्हेंचर शॉर्ट्स’ म्हणतात त्यांना. सहा खिसे, दोन कड्या, नाडीला शिट्टी. सात वारांच्या सात चड्ड्या, आणि लांब विजार एकही नाही! त्रेसष्ट वस्तूंत कॅम्पवाल्यांची दुसऱ्या नंबरची वस्तू राहिली होती.

आता इथे मात्र मी थट्टा बाजूला ठेवली. उत्तर कन्नडाच्या रानात उन्हाळा हा गोचिडींचा मोसम. माकडताप हा शब्द पुण्यात कुणाला माहीत नसेल, आमच्याकडे आहे. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मरायला लागली, पाठोपाठ माणसं तापानं फणफणली, आणि त्या जंगलाचंच नाव रोगाला पडलं. पुढे तो गोव्यात सत्तरीत पोचला, सिंधुदुर्गात दोडामार्गातही. हा ताप पसरतो गोचिडीच्या चाव्यातून, तोही विशेषकरून तिच्या बारीक पिल्लांच्या, जी डोळ्यांना धड दिसतही नाहीत. म्हणून रानात जाणारा माणूस अंग झाकतो, विजारीचे पाय मोज्यांत खोचतो आणि परत आला की आंघोळ करून कपडे उकळत्या पाण्यात टाकतो. यादीत पायघोळ विजारी लिहिल्या होत्या त्या शोभेसाठी नव्हेत.

वन्संचा चेहरा उतरला. पहाटे निघणं राहिलं. सकाळी गणपत गल्लीतलं पहिलं दुकान उघडेपर्यंत आम्ही दोघी पायरीवर उभ्या, आणि दोन साध्या सुती विजारी घेतल्या. संबंध बॅगेत सगळ्यात स्वस्त वस्तू त्याच. त्यांना स्टिकर नव्हतं, हे वन्संच्या मनाला रामनगरपर्यंत लागून राहिलं.

हो, आदल्या रात्री सगळे निजल्यावर मी एकदा उठून बॅगेची चेन नीट लागली आहे ना, ते बघून आले. इतकंच.

गाडी भाड्यानं केली होती. चालक रामनगरचा, चाळिशीतला, घरी कोंकणी, आमच्याशी मराठी, पोलिसांशी कन्नड. त्यानं बॅग डिकीत टाकायला उचलली, परत खाली ठेवली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाला, “हांतूंत कितें आसा, फातर?”

“काय म्हणतोय?” वन्संनी विचारलं. मी सांगितलं, आत दगड आहेत का विचारतोय. चिरंजीव इतके हसले की त्यांच्या नाकातून दूध आलं. खानापूर येईपर्यंत ‘फातर, फातर’ चाललं होतं.

खानापूर, लोंढा आणि मग रान दाट होत जातं. लोंढ्यापासून रेल्वेचा एक फाटा कॅसलरॉककडे आणि पुढे दूधसागरवरून गोव्यात उतरतो. हा मार्ग १८८८ चा. वरची बाजू इंग्रजांची, खालची पोर्तुगीजांची. कॅसलरॉक म्हणजे सरहद्द. सामान तपासायचा नाका! इकडून कॅसलरॉकला उघडा, तिकडे कुळ्याला पुन्हा उघडा. सासूबाई सांगायच्या, लग्नानंतर त्या याच गाडीनं कुलदेवतेला गोव्यात गेल्या होत्या, १९५५ मध्ये गाडी बंद पडली त्याच्या आधी. नाक्यावरच्या शिपायानं ट्रंक उघडायला लावली. आत दोन लुगडी, ओटीचं सामान आणि दशम्यांचा डबा. शिपायानं डबा हुंगला आणि परत दिला. परतीच्या वाटेवर मात्र कुणाच्या लुगड्याच्या घडीत काय असायचं ते सांगायला नको. विलायती घड्याळं, फाउंटन पेनं, अत्तरं, आणि पुरुषमंडळींच्या बाटल्या. सोवळ्यातल्या आजीच्या गाठोड्याला शिपाई हात लावायचा नाही, म्हणून सगळा माल तिच्याकडे. सासूबाई हे सांगताना पदर तोंडावर घ्यायच्या. आमच्या घराण्यात अशी थोडी परंपरा आहे म्हणायची.

रामनगरला चहाला थांबलो. हे गाव कसं वसलं ते चालकानं सांगितलं. त्याच्या वडिलांचं घर जुन्या सुप्यात होतं. काळी आणि पांढरी या दोन नद्यांच्या संगमावरचं ते तालुक्याचं गाव, कचेरीचं, बाजाराचं. गणेशगुडीला १०१ मीटर उंच धरण उभं राहिलं आणि सुपा पाण्याखाली गेलं. तालुक्याची कचेरी जोयड्याला हलली, तालुक्याचं नावही जोयडा झालं. माणसं रामनगरला आणि इकडे-तिकडे. “बाबांनी दारं-खिडक्या काढून आणल्या,” तो म्हणाला. “कौलं मोजून आणली. देव आणले. आईनं परसातली अळवाची मुळं ओल्या फडक्यात बांधली. बाकी राहिलं.” त्याच्याही यादीत काही राहून गेलं होतं का, ते मी विचारलं नाही. उन्हाळ्यात पाणी फार उतरलं तर जुन्या गावाच्या खुणा वर येतात, ते बघायला म्हातारा अजून जातो म्हणे.

वन्सं ग्लास हातात धरून गप्प बसल्या होत्या. मग त्यांनी हळूच डिकीकडे बघितलं. मग म्हणाल्या, “सेलची डबी वरच्या कप्प्यात ठेवली ना मी?”

गणेशगुडीच्या अलीकडे कॅम्प. झाडी अशी, की मे महिना विसरावा. मोबाइलला रेंज नाही, यावर तीन आयांनी एकमेकींचे हात धरले. वेळापत्रकात राफ्टिंगपुढे कंसात ‘पाणी सोडलं तर’ असं लिहिलेलं. वन्संनी त्याचा अर्थ विचारला. तिथला मुलगा म्हणाला, नदीला ओढ असते ती धरणातून पाणी सोडल्यावर, आणि पाणी सोडतात वीज लागेल तशी. म्हणजे बंगळुरात पंखे फिरले तर आपला मुलगा होडीत बसणार? होय, म्हणाला. वन्संना हे फारच बेजबाबदारपणाचं वाटलं.

मग झाली झडती. कॅसलरॉकचा नाका उठून इथे आला की काय, असं मला वाटलं. लांब टेबल, दोन ताई, एकेक बॅग उघडून बघतायत. आणि काय काय निघालं म्हणता! एका पोराच्या शब्दकोशाच्या पुठ्ठ्यात फोन. एकाच्या सुगंधी फवाऱ्याच्या तीन बाटल्या. त्या जप्त करताना ताईंनी सांगितलं, सिंथेरीला जायचंय, तिथे कातळावर आग्या मधमाश्यांची मोठमोठी पोळी आहेत, वास मारत गेलात तर मी जबाबदार नाही. एकीच्या उशीच्या अभ्र्यात चकल्या. “माकडं तंबू फाडतात यानं,” ताई म्हणाल्या. “मागच्या खेपेला एक माकड संबंध सॅक घेऊन झाडावर गेलं. वरून एकेक वस्तू फेकत होतं. आम्ही खाली चादर धरून उभे.” मला त्या माकडाबद्दल फार आपुलकी वाटली.

चकलीवाल्या मुलीची आई अशी काही रागावली, “अगं, हे कधी भरलंस तू?” की मुलगी तोंड उघडं टाकून बघतच राहिली. आसपासच्या सगळ्या आया दुसरीकडे बघायला लागल्या. मीसुद्धा.

वन्संची बॅग उघडली. ताईंनी सोमवार पाहिला, मंगळवार पाहिला, बुधवारवर त्यांचे हात थांबले. त्यांनी सगळं जागच्या जागी ठेवून चेन ओढली आणि फक्त म्हणाल्या, “छान भरलंय.” वन्संची मान इतकी ताठ झाली, की परतीच्या वाटेवर जगलबेटपर्यंत तशीच होती.

निघताना एका उंच झाडावर मोठा आवाज झाला, घुसळल्यासारखा. धनेश होता. पिवळी चोच, वर शिंगासारखी टोपी. तिथल्या मुलानं सांगितलं, सध्या यांचा विणीचा हंगाम. मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि आतून तोंड लिंपून घेते. एक फट तेवढी ठेवते. पिल्लं मोठी होईपर्यंत आठवडेच्या आठवडे ती आतच. नर फळं आणतो आणि फटीतून भरवतो. मी वन्संकडे बघितलं. “म्हणजे त्यांच्यात आईच आत पॅक होऊन बसते,” मी म्हटलं. वन्सं म्हणाल्या, “आणि बाप फक्त डिलिव्हरी. आमच्याकडे तेच आहे, सगळी पार्सलं ह्यांनीच घेतली.”

पाच दिवस वन्सं आमच्याकडेच राहिल्या. कुंदा खाल्ला, मांडे खाल्ले, खडे बाजार पालथा घातला, आणि रोज संध्याकाळी ग्रुपवर कॅम्पवाले जे चार फोटो टाकायचे ते मोठे करकरून पाहिले. पोराचा चेहरा बघायला नव्हे हो. “बघा वहिनी, काल सोमवारचा शर्ट होता, आज मंगळवार असून परत सोमवारचाच!” बुधवारी सोमवार. गुरुवारी सोमवार. वन्संचा जीव खालीवर. शुक्रवारी सकाळचा फोटो आला, त्यात शर्ट सोमवारचाच आणि खाली गणपत गल्लीची विजार, एका गुडघ्यावर फाटलेली, पाय मोज्यांत खोचलेले. चिरंजीव चिखलात बसून कसला तरी कंद भाजत होते. जोयड्याच्या कुणबी बायका रानातले आणि परसातले कंद पिकवण्यात मोठ्या वाकबगार, कंदांची जोयड्यात जत्राही भरते, तर तसली एक आजी पोरांना शिकवायला आली होती. तिच्या पाठीला लावलेली पिशवी फोटोत दिसत होती. एक विळा आणि एक बाटली.

शुक्रवारी दुपारी आणायला गेलो. गाडी तीच, चालक तोच. चिरंजीव काळेभोर झालेले, गळा बसलेला, आणि आईला बघून लाडात यायचं सोडून चालकाकडे धावत गेले. त्यानं बॅग उचलली, परत खाली ठेवली.

“हांतूंत कितें आसा, फातर?”

“व्हय! फातर!” चिरंजीव ओरडले.

आम्हाला वाटलं, थट्टा.

घरी येऊन वन्संनी ओसरीवर बॅग उघडली. आत सात क्यूब, सातही फुगलेले. सोमवार उघडला. दगड. काळीतले, पाण्यानं घासून गुळगुळीत झालेले, पुसून, लहानमोठे लावून ठेवलेले. मंगळवार उघडला. दगड. “हे मंगळवारी सापडलेले,” चिरंजीव समजावून सांगत होते. “बुधवारी पाणी सोडलं होतं म्हणून बुधवारचे कमी आहेत.” शनिवार आणि रविवार त्यांनी ‘स्पेशल’ दगडांना ठेवले होते. आणि कपडे? कपडे बॅगेच्या तळाला, एका बोचक्यात, वळकटीसारखे बांधलेले, वर बुटाची नाडी. त्यात वाघाच्या स्टिकरच्या सहा चड्ड्या, इस्त्रीच्या घडीतल्या, कोऱ्या. सातवी नव्हती. तिच्याऐवजी भलतीच एक निळी चड्डी, तीवर दुसऱ्याच पोराचं नाव, दुसऱ्याच आईचा फोन, आणि रक्तगट बी पॉझिटिव्ह.

वन्सं मटकन बसल्या. मी पाणी आणायला म्हणून उठले, तेवढ्यात त्यांनी एका मोज्यात हात घातला. मोजा जड होता. आतून निघाला स्टीलचा एक गोल डबा, घासून लख्ख केलेला, झाकणाला कडी. उघडला, तर आत बारीक पांढरे खडे.

“हा कुठला?” वन्संनी विचारलं. उलटा केला, सुलटा केला. त्यावर स्टिकर नव्हतं. मोबाइलवरची यादी काढली, बोट वर-खाली फिरवलं. त्रेसष्टांत डबा नव्हता. मग त्यांनी तो नाकाशी नेला, अगदी कॅसलरॉकच्या शिपायासारखा, आणि त्यांच्या लक्षात आलं असावं. बेसन आणि वेलदोडा घासून जात नाही.

“मामीचे लाडू मस्त होते,” चिरंजीव म्हणाले. “ताईंना पण दिला एक.”

वन्सं माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, कुकर लावते.